गोदाबाईचा होकार

अमरावतीबाहेर गोदाबाईची वांग्या-मेथीची वाडी होती. बाई फटकळ. बाजारात कुणी भाजी उलटीपालटी करून बघू लागला की म्हणायची, "पोरगी पाहून राहिला का बाप्पा? वांगं हाय ते." घरी आली की मात्र तिचं तोंड मिटायचं. नवरा होता, नत्थुजी. पण त्यांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाचा भाव चढला, तेव्हाची ही गोष्ट. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रीघ असायची. त्यातल्याच एकीचं चाक नत्थुजीच्या पायावरून गेलं आणि पाय सडू लागला. नत्थुजीने आवराआवर केली. मुलाला, खुशालला, वाडी समजावली, भावकीचा निरोप घेतला, गाय दान दिली आणि म्हणाला, "आता मले भुईवर घ्या. काई करू नोका." मरणाऱ्याला घेतात तसं त्याला खाटेवरून खाली घेतलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. तापाने त्याची शुद्ध गेली, तेव्हा मुलगा छावणीतला गोरा डॉक्टर घेऊन आला. पाय कापला तर माणूस वाचेल, असं डॉक्टरने मुनशीकरवी सांगितलं आणि बायकोचा होकार विचारला. नवऱ्याचं म्हणणं गोदाबाईला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "कापा."

नत्थुजी वाचला. पण शेवटचं पाणी घेतलेला माणूस भावकीला कुठे बसवावा ते कळेना. कुणी वाईट वागलं नाही. फक्त हळदी-लग्नाचं बोलावणं आलं की त्याचं नाव घ्यायला लोक विसरत. खाटेवर त्याने पुन्हा अंग टाकलं नाही. वाडीतल्या झोपडीत चटई अंथरून तो राहू लागला. गोदाबाई भाकर ठेवायची, रिकामं भांडं घेऊन परतायची. त्याने एकदा रागाने बोलावं, असं तिला फार वाटायचं.

लढाई संपली, भाव कोसळले. त्यानंतरच्या एका थंडीत नत्थुजीची छाती कफाने भरली. खुशालने दमणीला बैल जुंपले. "माय, डॉक्टरले घेऊन येतो."

गोदाबाई झोपडीत गेली. "अवो, पोरगा डॉक्टरले आनाले चालला."

"तुले काय वाटते?"

असं त्याने कधी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मागच्या खेपेले मी चुकली का जी?"

नत्थुजी बराच वेळ खोकला. "नातू खेळवला, वाडी पायली. फुकट नाई गेलं. पन म्या सांगतलं होतं ना तुले?"

"तुमी गेले असते."

"मंग गेलो असतो." तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "या खेपेले आयकशीन का?"

ती बाहेर आली. "सोड बैल."

"येडी झाली का माय? लोक काय म्हनतीन?"

"सोड म्हनलं ना."

खुशालने जू उतरवलं आणि तोंड फिरवून घराकडे गेला. नवऱ्याचं ऐकलं की जीव हलका होईल, असं गोदाबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आतून पुन्हा खोकला आला आणि मुलाला हाक मारावी म्हणून तिचं तोंड उघडलं. तिने ओठ घट्ट मिटले, आत गेली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली.