भावना महत्त्वाची

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. पण उभा जन्म घड्याळाच्या दुकानात, काउंटरमागे गेला, म्हणून कुणीतरी गमतीनं काटेकाका म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की पोस्टमनलाही खरं आडनाव आठवेना. दुकान सुटलं तरी नाव सुटलं नाही. गल्लीत कुणाला घड्याळ घ्यायचं झालं की आधी काकांना विचारायचं, अशी रीतच पडून गेली होती.

विशेषतः परवडणाऱ्या स्विस घड्याळांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवखा माणूस डायलवरचं 'स्विस मेड' वाचून एक तर हुरळतो, नाही तर "एवढ्या स्वस्तात स्विस? काहीतरी गोलमाल आहे" म्हणून नाक मुरडतो. काका दोघांनाही खुर्चीत बसवत. घड्याळ हातात घेऊन आधी चावी ओढत; ती डगडगते की नेमक्या जागी थांबते, ते बोटांनीच कळायचं. मग चेन तळहातावर खुळखुळवून कड्या पोकळ आहेत की भरीव, ते ऐकत. सेकंदकाटा बरोबर खुणेवर पडतो की दोन खुणांच्या मध्ये घुटमळतो, हे बघत. "स्विस म्हणजे सगळेच काही राजे नसतात," ते सांगत. "त्यातही सरळमार्गी नोकरदार असतात. काच साधी असेल, आत बॅटरी असेल, पण काम चोख. नोकरदाराला राजाचा मुकुट का नाही म्हणून विचारू नये."

असं म्हणणारा माणूस पुढे जे वागला, ते म्हणूनच जास्त लाजिरवाणं.

काकांची थोरली बहीण, ताई, जवळच राहायची. तिचे यजमान, काकांचे भावजी, एका छापखान्यात बांधणी विभागात होते. बोटांना कायम खळीचा वास, स्वभाव गरीब गाईसारखा. ते निवृत्त झाले तेव्हा छापखान्यानं मोठा समारंभ केला. कागदाचे गठ्ठे बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या, भाषणं झाली, मालकांचा आवाजसुद्धा मध्येच भरून आला. मग प्रूफं तपासणाऱ्या बाई पुढे आल्या आणि सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेलं स्विस घड्याळ त्यांनी स्वतः भावजींच्या मनगटावर बांधलं. टाळ्या थांबेनात.

काका मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि त्यांना आपला शेवटचा दिवस आठवत होता. त्या दिवशी दुकानमालकाच्या मुलानं मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं होतं, "काका, चाव्या तेवढ्या काउंटरवर ठेवून जा." बस्स. शटर ओढल्याचा आवाज, तोच त्यांचा निरोपसमारंभ.

घरी आल्यावर चहा झाला. भावजींनी घड्याळ काढून मोठ्या कौतुकानं काकांपुढे धरलं. "घ्या मेव्हणे, तुमचा शिक्का बसल्याशिवाय आम्ही काही ते वापरणार नाही."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. घड्याळ अस्सल होतं. काच साधी मिनरल ग्लासची, मशीन बॅटरीवरचं, म्हणजे त्या दर्जाला शोभेल असंच. चेनच्या कड्या भरीव होत्या, काटा खुणेवर टिच्चून पडत होता, मागच्या झाकणावरची अक्षरं खोल आणि स्वच्छ. किंमतही वाजवी होती. निवडणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून निवडलं होतं, हे त्यांना पाहताक्षणी कळलं.

"आमच्या प्रूफाच्या बाई दुकानं पालथी घालून आल्या म्हणे," भावजी म्हणाले. आणि मग त्या भोळ्या माणसानं पुढचं वाक्य टाकलं: "अगदी तुमच्याइतकी पारख आहे हो त्यांना!"

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं. घड्याळ पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि म्हणाले, "हं."

"म्हणजे?"

"काही नाही. काच साधीच आहे. आत बॅटरी." त्यांनी घड्याळ परत दिलं. "किंमत किती सांगितली म्हणालात? ...असो. भावना महत्त्वाची."

यात खोटा असा एकही शब्द नव्हता. काच साधी होती, बॅटरी होती, भावनाही महत्त्वाचीच होती. पण भावजींचा चेहरा उतरला, तो काकांनी पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना जरा बरंच वाटलं.

भावजींच्या पोटात काही राहत नसे. छापखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडे त्यांनी मन मोकळं केलं, "आमच्या मेव्हण्यांचं मत काही चांगलं पडलं नाही बुवा." सोबत्यानं ते यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, यंत्रावरच्यानं कटिंगवाल्याला. तोंडातून तोंडात जाताना गोष्टीला पाय फुटले. 'मत चांगलं नाही'चं 'माल हलका' झालं, 'माल हलका'चं 'नकली', आणि शेवटी जे व्हायचं तेच झालं: बाईंनी म्हणे वर्गणीत हात मारला.

हे सगळं काकांना कळलं ते ताईकडून. ती एकदा पिशवी टेकवायच्या आधीच बोलायला लागली. "अरे, त्या बाईंचं काय चाललंय ठाऊक आहे? बिल दाखवा म्हणाले सगळे. त्या म्हणाल्या, दाखवणार नाही. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काम केलं, आता कागद दाखवून इमान सिद्ध करू? झालं, लोकांना वाटलं चोराच्या मनात चांदणं. आता एकट्या जेवतात, कुणी बोलत नाही त्यांच्याशी. आणि हे इकडे घड्याळ कपाटात टाकून तोंड पाडून बसलेत. तू एकदा नीट बघून सांग बाबा, काय ते."

काकांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. "बघू," ते म्हणाले. "भिंग सापडत नाहीये सध्या."

भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

ताई गेल्यावर त्यांनी भिंग खिशातून काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. आयुष्यात त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला खोटं घड्याळ खरं म्हणून विकलं नव्हतं, याचा त्यांना केवढा अभिमान! आणि आता खरं घड्याळ खोटं ठरवून बसले होते, तेही एका 'हं'वर. ज्या बाईंचं त्यांनी वाटोळं केलं त्यांच्याशी ते कधी चार शब्दही बोलले नव्हते. बाईंचा गुन्हा एवढाच, की त्यांनी चांगलं घड्याळ निवडलं. काकांना आरशासमोरून जातानासुद्धा मान खाली घालावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ते ताईकडे गेले. भावजींनी लगबगीनं कपाट उघडलं. काका म्हणाले, "राहू द्या. बघायची गरज नाही. घड्याळ अस्सल आहे. पैसा वसूल. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."



"मग बोलला का नाहीस?" ताईनं विचारलं.

काका म्हणाले, "भावजींना मिळालं आणि मला मिळालं नाही, म्हणून."

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की लहानपणी मार खाल्ला तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. भावजी मात्र पटकन म्हणाले, "जाऊ द्या हो, माझंच चुकलं, मी कशाला बाहेर बोललो!" त्या चांगुलपणानं काका आणखीच खचले. "तुम्ही यायचं नाही," ते भावजींना म्हणाले. "छापखान्यात मी एकटा जातो."

जेवणाच्या सुट्टीत ते छापखान्यात पोचले. यंत्रं थांबलेली, शाईचा उग्र वास, लांब टेबलाभोवती सगळे डबे उघडून बसलेले. खिडकीशी, प्रूफांच्या चळतीआड, बाई एकट्या जेवत होत्या. काका टेबलापाशी उभे राहिले. हात नकळत जोडले गेले.

"ते घड्याळ अस्सल आहे," ते म्हणाले. "त्या किमतीत याहून चांगलं मीही निवडलं नसतं. बाईंचा यात काडीचा दोष नाही. माझी चूक झाली."

कुणीतरी खाकरलं. कटिंगवाला डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागला. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी ओठ पुसले आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधणारी ती नजर.

"चूक झाली," त्यांनी शांतपणे विचारलं, "की केलीत?"

काकांनी घरून निघताना ठरवलं होतं की घरच्या घरी सगळं कबूल केलंय, इथे नजरचूक म्हणून भागवू. म्हाताऱ्या डोळ्यांची सबब कुणालाही पटली असती. त्यांनी टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं, मग पायांकडे.

"केली," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मत्सर वाटला म्हणून केली."

बाईंनी मान हलवली, चुकीचा शब्द दुरुस्त होऊन आला की हलवावी तशी. "तुम्ही मला ओळखत नव्हतात," त्या म्हणाल्या. "त्यामुळे तुमचं एक वेळ समजू शकते." पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. कुणाचा घास पुढे सरकेना. एकजण उठून "बाई, इकडे बसा ना" म्हणाला. "आता झालंच माझं," म्हणून त्यांनी डबा मिटला आणि पेन्सिल उचलली.

बाई नोकरी सोडून गेल्या नाहीत. पण त्यानंतर छापखान्यात कुणाच्या निरोपाची वर्गणी काढायची वेळ आली की त्या आपला वाटा देत आणि बाकीचं इतरांवर सोडत. आग्रह खूप झाला, त्या बधल्या नाहीत. भावजी घड्याळ रोज घालतात. ताई भावाला जेवायला बोलावते, वाढतेही पोटभर, फक्त नवीन काही घेतलं की पूर्वीसारखं "हे बघ रे, कसं आहे?" म्हणून त्याच्यापुढे धरत नाही.

गल्लीत या प्रकरणाचा पत्ता नाही. लोक अजून घड्याळं घेऊन येतात, काका बघतात, जे असेल ते सांगतात. कुणी "काका, तुमचा शब्द म्हणजे शेवटचा" म्हटलं की त्यांचे कान तापतात.

मध्यंतरी बाजारात त्यांना बाई दिसल्या. समोरच्या दुकानात वह्या बघत होत्या. काका झटकन एका उभ्या टेम्पोच्या आड झाले आणि उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागले. थोड्या वेळानं डोकं वर काढलं तर बाई सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या. रागानं नाही, हसूनही नाही. मग त्यांनी नजर काढून घेतली, वही दुकानदाराला परत दिली आणि निघून गेल्या. टेम्पोवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, गाडी काढायची आहे," तेव्हा कुठे काका हलले.