भाईच्या खोकल्याची वही

व्हेप नावाच्या बॅटरीवरच्या सिगारेटीबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं इथं जेद्दाच्या अल अझीझिया भागात तो विकणाऱ्या दुकानदारालाही नसेल. आणि मी तर जन्मात कधी सिगारेटला हात लावलेला नाही. किती वेळा ओढल्यावर त्याचं टोक गरम होतं, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, उन्हात ठेवला तर कुठून गळतो, हे सगळं माझ्याकडे एका वहीत लिहिलेलं आहे. वही खरी तर खोकल्याची आहे, माझ्या मोठ्या भावाच्या, भाईच्या. भाईला जाऊन आता वर्ष होईल. ती वही मी फाडली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

जेद्दात मी पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तपासायचं काम करतो. मेकॅनिकनं पंप जोडला की तो माझ्या टेबलावर येतो. मी तो चालवून बघतो, हात लावून बघतो, आणि पटलं तरच चिठ्ठीवर 'ओके' लिहून सही करतो. माझी सही सहजासहजी मिळत नाही. मी कुजकट आहे असं सगळं वर्कशॉप म्हणतं आणि ते खोटं नाही. नवा मेकॅनिक आला की पहिल्याच दिवशी त्याला ऐकवतो, की आवाज बंद झाला म्हणजे पंप बरा झाला असं मला सांगायचं नाही. पॅकिंग आवळून आवाज कुणीही दाबेल. आतला शाफ्ट वाकलाय का, ते बघून ये. हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. भाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्यानंच व्हिसा बघून मला इथं आणलं, आणि तेव्हापासून अझीझियात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची दोघांची एक खोली होती. तो एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा. बसमध्ये ओढता यायचं नाही, म्हणून स्टँडवर गाडी लागली की आधी सिगारेट, मग पाणी. आमच्यात भांडण व्हायचं ते या एकाच कारणावरून. रमजान आला की मला जोर चढायचा. पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत राहतोस ना त्याच्याविना, मग रात्रीही राहा, असं मी म्हणायचो. तो खजूर तोंडात टाकून, पाणी पिऊन, माझ्याकडे बघत हसत खाली उतरायचा.

सकाळी मला गजर लागायचा नाही. भाईचा खोकला लागायचा. आधी एक कोरडा, मग लागोपाठ पाच-सहा, मग मोरीत पाणी सोडल्याचा आवाज. इतक्या वर्षांत मला तो खोकला घरचा वाटायला लागला होता. त्याची काळजी करावी हे माझ्या मनातच येत नव्हतं, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग त्याच्या कंपनीनं पंचावन्नच्या वरच्या सगळ्या ड्रायव्हरांची मेडिकल लावली. करार वाढवायचा तर फिट असल्याचा कागद हवा. त्याच्याच स्टँडवरचा एक केरळचा ड्रायव्हर आधी जाऊन आला होता. बिचारा डॉक्टरसमोर खोकला, डॉक्टरनं थांबवून आणखी तपासण्या लिहून दिल्या, आणि महिन्याभरात त्याच्या पासपोर्टवर एक्झिट लागली, म्हणजे कायमचं घरी. खलास. ही गोष्ट प्रत्येक खोलीत पोचली, आमच्याही.

भाईला दोन वर्षं हवी होती. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या टप्प्यात होती. ती पायावर उभी राहिली की मी स्वतःच सामान बांधीन, असं तो म्हणायचा. पण कारण तेवढंच नव्हतं. एकदा त्यानं मला सांगितलं होतं, की गावात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून लोक विचारतात, कधी निघालास? त्याला घरात कुठल्या फडताळात काय आहे तेसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि आता अनफिट होऊन जायचं, ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला का परत आलो ते सांगत राहायचं, याची त्याला मरणापेक्षा जास्त भीती होती.

मेडिकलला सहा आठवडे होते. शहाण्या माणसानं काय केलं असतं? आधी छातीच्या डॉक्टरकडे गेला असता. पण आमच्या लोकांत मेडिकलच्या आधी डॉक्टरकडे कुणी जात नाही. उगाच फाइलमध्ये काहीतरी लिहिलं जायचं. जे काय असेल ते सुट्टीत, गावी, आपल्या डॉक्टरकडे. हा इथला अलिखित नियम आहे आणि मीही तो मानत आलो. तेव्हा आमच्यापुढे प्रश्न एकच राहिला, की डॉक्टरसमोर खोकला येऊ नये.

सिगारेट सोडून व्हेप घेतला तर खोकला कमी होतो, असं वर्कशॉपमधला एक जण शपथेवर सांगत होता. मी शपथेवर विश्वास ठेवत नाही, तपासतो. म्हणून दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, आणि भाईला दुकानात घेऊन गेलो. दुकानदार तरुण सौदी होता. त्यानं भाईच्या वयाकडे बघून पुदिन्याचा दिला. तो साफ नापास झाला. पहिल्याच सकाळी एकेचाळीस वेळा खोकला. दुसरा भाईनं बसच्या काचेजवळ ठेवला. दुपारी त्याच्या आतला, ज्याची वाफ ओढायची तो सगळा रस उन्हानं बाहेर आला आणि त्याच्या लॉगबुकावर पसरला. तिसरा आंब्याच्या वासाचा होता, खाली चार्जरची पिन लावायची जागा होती. बॅटरी पुन्हा भरायची, पण रस भरता येत नाही. रस संपला की बॅटरी कितीही चांगली असो, फेकून द्यायचा. मी दुकानदाराला म्हटलं, हा कसला अर्धवट शहाणपणा? तो म्हणाला, यल्ला, घ्यायचा तर घ्या.

आमची आई कडू काढा द्यायची तेव्हा आधी स्वतः एक घोट घ्यायची, आमच्यासमोर, चेहरा न बदलता. त्या आठवणीनं की काय कोण जाणे, मी तो आंब्याचा व्हेप आधी स्वतः ओढला. घशात कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं झालं. मी खोकून खोकून पलंगावर आडवा झालो, डोळ्यांतून पाणी आलं. भाई इतका हसला की त्यालाही खोकला लागला, आणि आम्ही दोघं बराच वेळ आळीपाळीनं हसत आणि खोकत राहिलो. ते सगळे खोकले मी वहीत धरले नाहीत.

आंब्याचा पास होत गेला. खिशात मावायचा, गळायचा नाही, चहा होईपर्यंत चार्ज व्हायचा, आणि बसमध्ये झाकून ठेवला तर ऊन सोसायचा. पण हे रकाने नावापुरते. खरा रकाना शेवटचा. भाई उठल्यापासून बसची चावी घेऊन निघेपर्यंत मी चहाचा कप हातात धरून मोजत बसायचो. अडतीस, तीस, बावीस, मध्येच पुन्हा सव्वीस, मग चौदा. दुसरीकडे सिगारेट खरोखरच सुटली. तीस वर्षांत जे भाबीच्या रडण्यानं झालं नाही ते माझ्या वहीनं केलं, याचा मला फार अभिमान वाटत होता. भाबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अल्लाह तुझं भलं करो.

तेव्हाही मला दुसऱ्या गोष्टी दिसत होत्या. तिसरा मजला चढताना भाई दुसऱ्यावर थांबायला लागला होता. विचारलं की म्हणायचा, चप्पल सैल झाली. दोन उश्या घ्यायला लागला होता. त्याच्या पँटला मी स्वतः नवं भोक पाडून पट्टा आत घेतला होता. पण माझ्या वहीत खोकल्याचा रकाना होता, जिन्याचा नव्हता. वीस वर्षं दुसऱ्यांना शाफ्ट बघायला सांगणारा मी, घरात आवाज मोजत बसलो होतो.

मेडिकलच्या सकाळी शून्य आला. एकदाही नाही. मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर गेलो. आत जाण्याआधी गाडीत त्यानं दोनदा ओढला, मला परत दिला आणि तोंडात वेलची टाकली. मी बाहेर खुर्चीवर बसून दाराकडे कान लावला होता. भाई अर्ध्या तासानं बाहेर आला आणि कागद माझ्या हातात दिला. फिट. त्या दिवशी आम्ही मासळीबाजारातून हमूर आणला, आणि भाईनं नारळ घालून असं कालवण केलं की शेजारच्या खोलीतले वाडगा घेऊन आले. त्यांना वाढून झाल्यावर मी वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'खोकला शून्य. ओके.' हाताच्या सवयीनं खाली सहीपण केली.

नऊ महिन्यांनी भाईच्या रुमालावर रक्त दिसलं. ते पहिल्यांदा आलेलं नव्हतं, मी पहिल्यांदा बघितलं एवढंच. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा फुप्फुसातला रोग बाहेर पसरला होता. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, इतका उशीर का केलात? त्या व्हेपनं रोग आणला असं मी म्हणत नाही. तीस वर्षांच्या सिगारेटी होत्या, आणि रोग आधीपासूनच आत असणार. मशीननं फक्त मी सांगितलेलं काम केलं. मेडिकलच्या दिवशी भाई डॉक्टरसमोर खोकला असता तर त्यालाही तपासण्या लिहून दिल्या असत्या, त्यालाही एक्झिट लागली असती, आणि तो नऊ महिने आधी आपल्या ओटीवर बसला असता. वाचला असता की नाही ते मला माहीत नाही. माहीत नाही, हेच मला रोज खातं.

तो गावी गेला व्हीलचेअरवरून. माझ्या सुट्टीचा कागद कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, अडकला होता, म्हणून गावच्याच एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला पाठवलं. विमानतळावर त्यानं खिशातून तो आंब्याचा व्हेप काढला, कितवा कोण जाणे, आणि माझ्या हातात ठेवला.

"तिकडं बंदी हाय याला. तू ठेव," तो म्हणाला. मग श्वास गोळा करायला थांबला. "तुझी मशीन चांगली निघाली रे. डॉक्टरासमोर एकदा पन नाय खोकलो."

तो मनापासून बोलत होता. धाकट्या भावाचे उपकार मानत होता. मी त्याच्या अंगावरची शाल नीट केली आणि म्हटलं, पोचल्यावर फोन कर.

मी पोचायच्या चार दिवस आधी भाई गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात, मी वर्कशॉपमध्ये असताना, त्याच्या मुलीचा फोन आला. ती आता नर्स होती, आणि तिकडे भाईला ज्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, योगायोगानं तिथंच कामाला लागली होती. अब्बांच्या केसपेपरवर मागचं सगळं लिहायचंय, असं म्हणाली. आवाज अगदी कामाचा होता, रडणं मागे ढकलून ठेवलेला. वजन कधीपासून उतरलं, धाप कधीपासून लागते, एकेक विचारत होती. मी सांगत होतो.

"आनी खोकला, चाचा? खोकला कधीपासून होता?"

"जुना होता," मी म्हटलं. "वर्षापेक्षा जास्त."

ती लिहिता लिहिता थांबली असावी. "म्हणजे मेडिकलच्या वेळी होता? मग अब्बा पास कसे झाले?"

माझ्यासमोर टेबलावर एक पंप उघडा पडला होता. मला सगळं सांगता आलं असतं. वहीतलं प्रत्येक पान, प्रत्येक सकाळ, एकेचाळीसपासून शून्यापर्यंत. ती नर्स होती, तिला कळलं असतं. तिच्या बापासाठी केलं हेही तिला कळलं असतं.

"तिथल्या डॉक्टरनं नीट तपासलं नसेल," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "खरंय चाचा. कुनी नीट बघतच नाय."

मी हो म्हटलं, आणि फोन ठेवला.