वायर लावण्याआधी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडंतिकडं, त्याबद्दल माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, पण कधी कुणाच्या हाती लागलीच तर... भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईपुढंही मी कधी हात जोडले नाहीत.

आम्ही दापोडीत रेल्वे लाइनजवळ दोन खोल्यांत राहतो. हे चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत, तापलेलं लोखंड ठोकायच्या हॅमरवर होते. त्या दणक्यांनी वीस वर्षांत कान गेले. आता काहीच ऐकू येत नाही, समोरच्याच्या ओठांवरून ओळखतात. कंपनी सुटली तेव्हा मिळालेल्या पैशांतले दोन लाख यांनी धाकट्या भावाला, किशोरभाऊजींना, चऱ्होलीच्या फ्लॅटसाठी रोख दिले. कागद केला नाही. पुढं, वास्तुशांती झाल्यावर, भाऊजी चार नातेवाइकांत म्हणाले, "एकच लाख घेतला होता. दादाला ऐकू येत नाही, त्यानं काय ऐकलं कुणास ठाऊक!" सगळे हसले. तेव्हापासून हे माणसांत बसेनात. पैशापेक्षा मला तेच लागलं होतं.

त्या रविवारी दुपारी आमची रेश्मा एक जुना छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडत होती. वाकडला ती कामाला आहे, त्या ऑफिसातून स्वस्तात घेतलेला. वायर लावली, चित्र आलं. आवाज नाही.

"या वायरीतून नुसतं चित्र जातं, आई. आवाजाची वेगळी आणावी लागेल. याला स्पीकरपण नाही."

चित्र नीट दिसतंय का बघायला तिनं भाऊजींच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ लावला. पूजेला आमचे सासू-सासरे बसले होते, म्हणून जाऊबाईंनी काढून ग्रुपवर टाकलेला, आम्ही कधी उघडलाही नव्हता. होमात पडणारं तूप आणि भटजींचे हात, एवढंच दिसत होतं. आम्ही मायलेकी बोलत होतो, तेवढ्यात हे म्हणाले,

"गप बसा गं जरा. ऐकू द्या."

रेश्मा हसली. यांच्या समोर जाऊन म्हणाली, "पप्पा, आवाज आम्हालाच येईना, तुम्हाला कुठला!"

हे हसले नाहीत. मान टीव्हीकडे कललेली... "किशोर बोलतोय. सासऱ्याला सांगतोय, दादाचे दोन लाख आहेत या घरात, दिवाळीनंतर फेडतो." मग थांबून म्हणाले, "कुकरची शिट्टी झाली."

मी आमच्या गॅसकडे बघितलं. बंद होता.

रेश्मा चप्पल घालून गेली आणि वायर घेऊन आली. एक टोक कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात, दुसरं टीव्हीच्या बाजूला. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. मंत्र चालू होते... आणि मागून भाऊजींचा आवाज — "दादाचे दोन लाख आहेत या घरात, मामा. दिवाळीनंतर फेडतो." आणि कुकरची एक शिट्टी.

टीव्हीचा आवाज इतका मोठा झाला होता की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि यांनी माझा दंड हलवून विचारलं, "लागला का आवाज?"

ओठ वाचले म्हणावं, तर भाऊजी कॅमेऱ्याच्या मागं होते, व्हिडिओत एकही तोंड नव्हतं. तिथंच ऐकलं म्हणावं, तर कान आधीच गेलेले, आणि होमाच्या वेळी हे खाली गेटवर पाहुण्यांना रस्ता दाखवत होते. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी मान हलवली, काही फरक नाही म्हणाले.

भाऊजींना बोलावलं आणि तो व्हिडिओ लावला. दिरासमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. व्हिडिओ संपल्यावर ते म्हणाले, "वहिनी, आता पुरावे गोळा करताय व्हय?"

मी विचारलं, "भाऊजी, एक होता का दोन?"

ते टीव्हीकडे बघतच म्हणाले, "दोन."

यांना कसं ऐकू आलं, ते मला आजही कळत नाही. यांनाही सांगता येत नाही. विचारलं की म्हणतात, "आला आवाज, म्हणून ऐकला." भाऊजी जमेल तसे देत गेले. गेल्या महिन्यात पुतण्याच्या बारशाला, सगळे नातेवाईक बसले असताना, त्यांनी उरलेले चाळीस हजार यांच्या हातात ठेवले. दोन लाख पूर्ण फिटले.