उद्घाटनाची किक

"एसीएल पूर्ण तुटलंय," पनवेलच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून सांगितलं. "अठरा दिवस काय केलंत?"

तेल चोळलं, हे सांगायची लाज वाटली. शेजारी बसलेल्या काकांनी मान खाली घातली.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला पट्टा. मांडीचं हाड आणि नडगी तो धरून ठेवतो.

मी मस्कतला वाढले. बाबा तिथे नोकरीला, पासपोर्ट मात्र आपलाच, म्हणून भारताकडून फुटबॉल खेळता आलं. सात सामने झाले होते, पुढच्या शिबिरासाठीही नाव होतं. मधल्या सुट्टीत कुंभिवलीजवळच्या आमच्या गावी आले, तर काकांनी मुलींच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला उभं केलं. काकांचं भात कापलेलं शेत, तेच मैदान. शाल झाली, नारळ फुटला. "आगं, एकच किक मार, फोटोपुरती," काका म्हणाले. मी जरा ऐटीतच धावले. धसकटांत, कापलेल्या भाताच्या खुंटांत, बूट अडकला, अंग वळलं, पाय तिथेच राहिला. आतून टक् असा आवाज आला.

समोर अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. मी हसतहसत खुर्चीत जाऊन बसले. खरी चूक ती. मग चोळणाऱ्या बाई आल्या, "शीर सरकलीय" म्हणाल्या. सूज उतरली, मीही फसले. तुमच्या गुडघ्यात असा आवाज होऊन सूज आली, तर मानपान बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग बधिर झालं. मांडीमागचा एक टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, काढून गुडघ्यात बसवला. वॉर्डात असतानाच फोनवर शिबिराची यादी आली, माझ्या नावाशिवाय. वाचली, फोन पालथा ठेवला, पेज प्यायले. रडू यायला हवं होतं, आलं नाही.

पुढे महिनोन्महिने तसंच. फिजिओथेरपीला, म्हणजे पाय वाकवायला नव्यानं शिकायला, काका मला स्कूटरवरून खोपोलीला नेत. बाहेर बाकावर बसून राहत.

दहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता धावा. पहिल्यासारखं खेळाल का, ते मात्र मी सांगू शकत नाही." मी बरं म्हटलं.

गावात भात कापून झालं होतं. काका त्याच शेतात वाल पेरायला निघाले.

"यंदा इथं खेळ नाय."

"मग मुलींनी कुठं खेळायचं?"

"कुटं बी खेळू दे. माझ्या शेतात नाय."

"वाल दुसऱ्या शेतात टाका, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका कुदळीनं एकेक धसकट उपटत होते. दुपारी हाक मारली, "चालून बघ गं. कुटं टोचतंय का सांग."

मी चपला काढल्या. टाक्यांशेजारची चामडी अजून बधिर आहे, ती कदाचित तशीच राहील. पण मधोमध एक राहिलेलं धसकट तळव्यात घुसलं आणि मी भर उन्हात रडायला लागले.

काका कुदळ टाकून धावत आले. "लय दुकतंय का गं?"

"हो," मी म्हटलं. "खूप."