बाजारातली उकडपेंडी

कमल, तू एसटीच्या खिडकीखाली उभी होतीस आणि मी आत बसून तुझ्याकडं पाहतच नव्हते. पाहिलं असतं तर उतरले असते. तू माझी धाकटी जाऊ, पण चाळीस वर्षं एका आंगणात काढल्यावर कोण धाकटं न कोण थोरलं. गाडी हलली तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "बाई, सकायी खाल्ल्याबिगर साखरेची गोयी नोका घेऊ." आर्वी डेपो येईपर्यंत माझा सुनील शेजारी बसून समजावत होता, आई, महिनाभर राहून पहा, नाही करमलं तर मी स्वतः आणून सोडतो. मी मान डोलावली. मनात म्हटलं, महिना काय, बोटं मोजता मोजता जाईल.

त्याची काळजी खोटी नव्हती. हे गेल्यावर गावच्या घरात मी एकटी, अंगात साखरेचा आजार, त्यात दोनदा चक्कर येऊन पडलेली.

वर्ध्याला त्यांचा फ्लॅट म्हणजे भर बाजारात, तिसऱ्या मजल्यावर. सुनील बँकेत, सून प्रज्ञा शाळेत. पावणेआठला दोघं घराबाहेर. सून गुणाची आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिकडच्या तुम्ही सगळ्या बायका लगेच अर्थ काढाल. रविवारी ती सगळं साग्रसंगीत करते. पण सोमवार ते शनिवार दोघं दुधात ते मक्याचे पापुद्रे टाकून उभ्या उभ्या खातात, आणि माझ्यासाठी भाजलेला ब्रेड डब्यात. माझी बोटं आता धरतात, भाकर थापणं होत नाही. एकटी असताना गॅस पेटवायचा नाही, अशी सक्त ताकीद. ब्रेड टाळूला चिकटायचा. अर्धा खाऊन गोळी घ्यायची, आणि दहा वाजले की हातपाय लटलट कापायला लागायचे. एकदा तर जिन्यातच बसकण मारली. ठरवूनच टाकलं होतं, महिना भरला की गाव. पडायचंच असेल तर आपल्या आंगणात पडू.

प्रज्ञा म्हणाली, आई, खाली इतकी दुकानं आहेत, गरम काही खाऊन येत जा ना. मी म्हटलं, मले बाहेरचं पचत नाही. खोटं बोलले.

खरं काय ते कमल तुला ठाऊक आहे, तुझ्या माहेरीही तेच होतं. पण गाव सोडून गेलेली आपली पोरंही हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते. मी सहा-सात वर्षांची असताना बाबा मला गावच्या हॉटेलात घेऊन गेले होते. आमच्या घरानं तेव्हा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. धर्म बदलला होता, हॉटेलातली कपबशी बदलली नव्हती. आमच्या वस्तीची कपबशी वेगळी, मागच्या कुडावर ठेवलेली. बाबांनी ती स्वतः काढली, आम्ही बाहेर बसून चहा प्यायलो, मग त्यांनी ती धुतली, मलाही धुवायला लावली, आणि पालथी घालून जागच्या जागी ठेवली. रस्त्यानं म्हणाले, "पोरी, भूक लागली तं घरी येजो. लोकाच्या दारात नाई." त्यानंतर मी जत्रेतसुद्धा कधी हॉटेलात बसून खाल्लं नाही. ह्यांनी किती आग्रह केला असेल, मी आपली घरून शिदोरी बांधून न्यायची.

पण भूक मोठी वाईट. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सोमवारी ब्रेड डब्यातच राहू दिला आणि खाली उतरले. आठ वाजले असतील. अर्ध्या दुकानांची शटरं खालीच. कोपऱ्यावर तर्री-पोहे होते, पण भोवती गडीमाणसांचा गराडा. पुढं एक मोठं काचेचं हॉटेल, त्याची पायरी चढवेना. कापडगल्लीच्या मागं मात्र एक बाई ठेला लावून बसलेली, आणि तिच्या कढईतून भाजलेल्या कणकेचा वास येत होता. उकडपेंडी! कांदा, मोहरी, वरून मूठभर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाय आपोआप थांबले.

बाकड्यावर बसून खाल्ली. स्टीलची प्लेट, गरम घास. पोटात पडला तसा जीव जाग्यावर आला. आणि मग काय केलं असेल मी? उठले, ड्रमच्या नळाखाली प्लेट धुतली, आणि बाकीच्या प्लेटांपासून दूर, ठेल्याच्या टोकाला पालथी घालून ठेवली. विचार करून नाही, हातानंच केलं.

बाईनं पाहिलं. विमल तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

"मावशी, प्लेट काऊन धुतली?"

आता ही गाव विचारणार, मग आडनाव विचारणार, असं वाटलं. तिनं काहीच विचारलं नाही. "मायं काम तुमी करून राह्यल्या, मग मी काय भजन करू?" असं म्हणत तिनं ती प्लेट उचलली, पाणी झटकलं, आणि त्याच प्लेटीत उकडपेंडी वाढून पुढच्या गिऱ्हाइकाला दिली. काळ्या कोटातले कोणी वकील होते. त्यांनी मोबाईलमध्ये पाहत पहिला घास घेतला, मग दुसरा. मी उभी राहून त्यांचं खाणं संपेपर्यंत पाहत होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारी अजून भुकेली दिसते.

त्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, हात कापले नाहीत.

मग रोजच जाऊ लागले. मंगळवारी पोहे, बुधवारी ज्वारीच्या कण्या न ताक, असा तिचा वार लागलेला. उशीर झाला की टोमणा तयार, "सूनबाईनं कोंडून ठेवलतं का मावशी?" आणि प्लेट? पहिले चार दिवस हात नळाकडं जायचा, मी तो पदरात धरून ठेवायची.

महिना भरला त्या रविवारी सुनीलनं विचारलं, आई, काय ठरवलं? बॅग काढू? तेव्हा त्याला ही कपबशीची गोष्ट सांगितली. आजोबांची ही गोष्ट त्याला कधी कोणी सांगितलीच नव्हती. जेवता जेवता थांबला. मी म्हटलं, बॅग राहू दे. उद्या सोमवार आहे, उकडपेंडी असते.

दुसऱ्या दिवशी तो बँकेच्या कपड्यात माझ्यासोबत खाली आला. शेजारी बसून खाल्लं, घड्याळ पाहिलं, आणि रिकामी प्लेट बाकड्यावर तशीच टाकून पळाला. "तुमचा साहेब तं लयच साहेब हाय," विमल म्हणाली. एवढी सांगितलेली गोष्ट, पण त्याच्या हाताला काही तिचा पत्ताच नाही. मला इतकं बरं वाटलं, कमल.

तू फोनवर विचारतेस, आता घर कोणतं म्हणायचं. गावचं घर माझंच आहे, दिवाळीत येईन, सारवीनसुद्धा. पण तिथं आपण जन्मभर दार लोटून खाल्लं. इथं मी भर रस्त्यात बसते, येणारे-जाणारे पाहतात न पुढं जातात. त्या दिवशी सुनीलची प्लेट माझ्या शेजारी पडून होती. मी ती उचलली नाही. निवांत चहा पीत बसून राह्यले.