एका बापाचे दोन पुढारी

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या वाचनालयात अर्धवेळ नोकरी मिळाली ती माझ्या याद्या करण्याच्या हातोटीमुळेच. त्यामुळे आइसलँडच्या पुढाऱ्यांची एक पानी यादी करायला सांगितली, तेव्हा मला ते काम म्हणजे हातचा मळ वाटला. तिथे निवडणूक होती. आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणाऱ्या एक आजी मूळच्या तिकडच्या. शनिवारी त्या निवडणुकीवर बोलणार होत्या, आणि यादी ऐकणाऱ्यांना वाटायची होती.

दोन पुढाऱ्यांची पहिली नावं वेगळी, पुढे मात्र एकच: अमक्याचा मुलगा. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव एक म्हणजे भाऊ. आडनाव कुठे दिसेना, पण ते छापत नसतील असं मी धरून चालले. दोघांना एका चौकटीत घातलं, वर 'भाऊ' लिहिलं. त्यांतल्या एकाने राजीनामा दिला होता, पण त्या बातमीत इथल्या पेपरने नुसतं वडिलांचंच नाव छापलं होतं. तो राजीनामा मी थोरल्याच्या नावावर टाकला. थोरला कोण, हेही मीच ठरवलं!

गुरुवारी आजींनी पान पाहिलं.

"हे भाऊ? अगं, यांचे पक्षसुद्धा वेगळे. दोघांच्या वडिलांचं नाव एक, एवढंच. या हिशोबाने माझं निम्मं गाव माझा सख्खा भाऊ! आणि राजीनामा याने नाही, त्याने दिला."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

"पहिल्या नावाने. आम्ही पंतप्रधानांनाही पहिल्या नावानेच हाक मारतो." मग त्या खुर्चीत टेकल्या. "शनिवारी आमची माणसं डेट्रॉइटहून येणार आहेत. म्हणतील, म्हातारी आपला देश विसरली."

मी तडक वाचनालयाच्या साहेबाकडे गेले. चूक माझी, असं आधी सांगून टाकलं.

"साठ कॉपीज छापून झाल्यात," तो म्हणाला. "आणि कॉम्प्युटर लास्ट नेमनेच सॉर्ट करतो."

"ते लास्ट नेम नाहीच. वडिलांचं नाव आहे."

"सेम थिंग. कोणाला कळणार आहे?"

सेम थिंग! माझं आडनाव लांब म्हणून याच माणसाने माझ्या नावाच्या बिल्ल्यावर त्याजागी मधलं नाव छापलं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं. दोन वर्षं लोक मला नवऱ्याच्या नावाने हाक मारत होते आणि मी, कशाला उगाच वाद, म्हणून ओ देत होते. त्या दिवशी डोकं फिरलं ते स्वतःवरसुद्धा.

शुक्रवारी घरी यादी नव्याने केली. पहिल्या नावाने क्रम, मग पक्ष, गाव, आधीचा व्यवसाय. प्रत्येक ओळ आजींना फोनवर वाचून दाखवली. नवरा प्रिंटरमध्ये कागद भरता भरता म्हणाला, "एवढं कशाला गं? दहा जणांना कळेल फार तर."

"त्या दहांसमोरच आजींना उभं राहायचंय."

शनिवारी साहेब येण्याआधी मी खुर्च्यांवर नव्या याद्या ठेवल्या आणि जुन्या रद्दीत टाकल्या. आजी बोलल्या तासभर. डेट्रॉइटच्या एका आजोबांनी यादीवर बोट ठेवून खोचक प्रश्न विचारला, "राजीनामा दिला तो यातला कुठला?" आजींनी कागदाकडे न बघता सांगितलं. आजोबांनी कागदात बघितलं, मान डोलावली.

"यादी कोणी बदलली?" साहेबाने नंतर विचारलं.

"मी. आणि हाही बदलून हवाय." मी बिल्ला काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

नवा यायला तीन आठवडे लागले. तोवर जुन्यावर पांढरी पट्टी चिकटवून, पेनने माझं नाव लिहून मी काउंटरवर बसले.