पन्नास पॉवरची गोळी

थोरल्या जावेला पन्नास पॉवरची गोळी आणि आपल्याला नुसती पाचची, हे कळल्यापासून धाकटीच्या पोटात दुखत होतं. रक्तदाब दोघींनाही, डॉक्टरीणबाई एकच, मग हा दुजाभाव कशाला?

तसं हे दुखणं जुनंच. दोघी घराच्या पुढच्या खोलीत शर्ट शिवायच्या. कात्री कायम थोरलीच्या हातात, धाकटीच्या वाट्याला काज-बटण. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "बेतावं तर वहिनींनीच." बटणांची आठवण लोकांना ती तुटल्यावरच होते.

"तुमच्या लघवीतून प्रथिनं जातात. ही गोळी रक्तदाब उतरवते आणि किडनीलाही जपते," असं डॉक्टरीणबाई थोरलीला सांगत होत्या तेव्हा धाकटी शेजारीच होती. तिच्या कानात फक्त 'जपते' राहिलं. हिची किडनी जपायची आणि माझी वाऱ्यावर सोडायची? मग ती थोरलीच्या डब्यातली गोळी अधूनमधून उचलू लागली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तर म्हणायची, औषधात दम आहे.

थोरलीच्या गोळ्या महिना सरायच्या आत संपू लागल्या. आपणच विसरून दोनदा घेत असू, असं धरून ती उरलेले दिवस गोळीविना काढायची.

पुढच्या खेपेला दोघींची तपासणी झाली. थोरलीची प्रथिनं वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई तडकल्या, "गोळ्या चुकवता? अशानं किडनी गमावून बसाल."

थोरलीला कुणीतरी झापावं, ही धाकटीची जन्माची हौस. ती आज फिटत होती, आणि तिला ते ऐकवेना.

"त्या मी खाल्ल्या," ती म्हणाली. "ताईंना पन्नास, मला पाच. म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, औषधंच वेगळी आहेत ती. पाच आणि पन्नास एका मापात कशी बसतील? तुमच्या किडन्या चांगल्या आहेत, तुम्हाला पाचच पुरे."

"चांगल्या आहेत ना हिच्या?" थोरलीने खात्रीसाठी विचारलं. "मग बरं. माझी गोळी हिला बाधली तर नाही, एवढीच धास्ती वाटली."

धाकटीला रडू कोसळलं. लाज होतीच, पण लाजेहून राग जास्त होता. आज तरी हिने चार शब्द सुनावायचे, म्हणजे फिटंफाट झाली असती. तेवढंही या बाईने तिला मिळू दिलं नाही.